27 महाविद्यालये, एक झोळी

जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्या चळवळीतल्या माणसांनीच यादवी युद्धानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांसाठी अनेक महाविद्यालये काढली. नॅशव्हिलचे फिस्क त्यांपैकीच. काढली खरी, पण चालवायला पैसा नव्हता. 1871 मध्ये फिस्कचे विद्यार्थी गात गात गावोगाव फिरले आणि त्या कमाईतून ज्युबिली हॉल उभा राहिला. टस्कीगी या अशाच दुसऱ्या संस्थेसाठी तिचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आयुष्यभर उत्तरेतल्या धनिकांचे उंबरे झिजवले.

ज्यांच्यापाशी असा आवाज किंवा असे नाव नव्हते, त्यांनी काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर टस्कीगीच्याच एका अध्यक्षांनी दिले. फ्रेडरिक पॅटरसन हे शिक्षणाने पशुवैद्य. महामंदीनंतर दानाचा ओघ आटला होता आणि प्रत्येक संस्थेचा प्रमुख त्याच मोजक्या दारांवर आळीपाळीने उभा राहत होता. जानेवारी 1943 मध्ये 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या पत्रात पॅटरसन यांनी सुचवले की वेगवेगळे मागणे सोडून सगळ्यांनी मिळून मागावे, आणि तेही सामान्य माणसाकडे. पोलिओनिवारणासाठी नाण्यानाण्याने जमणारा निधी त्यांनी जवळून पाहिला होता. त्याच निधीतून टस्कीगीत पोलिओचे रुग्णालय उभे राहिले होते. 25 एप्रिल 1944 रोजी 27 खासगी महाविद्यालयांचा 'युनायटेड निग्रो कॉलेज फंड' स्थापन झाला. पहिल्याच मोहिमेत साडेसात लाख डॉलरच्या वर रक्कम जमली.

मला त्या रकमेपेक्षा तिच्यामागचा करार मोलाचा वाटतो. मोहीम चालू असताना कोणी आपली वेगळी झोळी फिरवायची नाही. जमलेल्या पैशातला काही भाग सगळ्यांना सारखा, उरलेला आधी ठरलेल्या सूत्राने. टस्कीगी, हॅम्प्टन, फिस्क यांच्या नावावर पैसा मिळत होता. मिसिसिपीतल्या एखाद्या लहान महाविद्यालयाचे नाव न्यूयॉर्कमध्ये कोणी ऐकलेही नव्हते. म्हणजे मोठ्यांनी आपली पुण्याई धाकट्यांच्या पदरात घातली. हे सोपे नसते. संस्थाचालक इमारतीला नाव देतील, पण देणगीदारांची यादी दुसऱ्याला दाखवणार नाहीत!

एकत्र निधीत प्रत्येक संस्थेची ओळख पुसली जाते, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही दुसऱ्या वाटेचे काय होते, हे नॉर्थ कॅरोलायनातल्या बेनेट महाविद्यालयाकडे पाहिले की कळते. कृष्णवर्णीय मुलींसाठीचे हे महाविद्यालय. पैशाच्या तंगीचे कारण देऊन डिसेंबर 2018 मध्ये मान्यता देणाऱ्या संस्थेने त्याची मान्यता काढून घेतली. बेनेटने 50 लाख डॉलरचे आवाहन केले आणि थोड्या आठवड्यांत 80 लाखांहून अधिक जमवले. माजी विद्यार्थिनी, चर्च, शेजारचे विद्यापीठ, सगळे धावून आले. तरीही अपील फेटाळले गेले आणि बेनेटला दुसऱ्या संस्थेकडून मान्यता मिळवावी लागली. संकटात धावाधाव करून आणलेला पैसा आजचा दिवस ढकलतो. उद्याचा भरवसा मिळतो तो कायम ठेवीतून, आणि ठेव साठवायला कित्येक दशकांची निश्चिंती लागते. ती या संस्थांना कधी लाभलीच नाही.

म्हणून जानेवारी 2024 मधल्या दोन देणग्या शेजारी ठेवून पाहाव्यात. अटलांटातल्या स्पेलमन या मुलींच्याच महाविद्यालयाला एका दांपत्याकडून 10 कोटी डॉलर मिळाले. त्याच महिन्यात लिली एंडाउमेंट या दानसंस्थेने युनायटेड फंडाला तेवढीच रक्कम दिली, पण ती 37 महाविद्यालयांच्या सामाईक कायम ठेवीसाठी. स्पेलमनच्या भाग्याचा मला आनंदच आहे. मात्र बेनेटसारख्या संस्थेला तारील ती दुसरी देणगी, कारण तिथे नामांकित असण्याची अट नाही.

आणि दानाने सगळे भागेल, असे कोणी समजू नये. सरकारी कृष्णवर्णीय विद्यापीठांसाठी 1987 पासून थर्गुड मार्शल यांच्या नावाचा वेगळा निधी काम करतो. पण 2023 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनेच 16 राज्यांच्या गव्हर्नरांना कळवले, की जमीन-अनुदानित कृष्णवर्णीय विद्यापीठांना तीन दशकांत 12 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कमी दिली गेली. ही रक्कम वर्गणीने भरून काढायची नाही. ती राज्यांची थकबाकी आहे आणि त्यांनीच ती फेडली पाहिजे.