खो देणे आणि खो घालणे

मुलांना खेळावर चित्रदर्शी कविता लिहायला शिकवावे, ही अपेक्षा वरवर निरुपद्रवी वाटते. तीत एक नैतिक प्रश्न अनुस्यूत आहे: जो अनुभव मुलाच्या देहाने घेतला, त्याला शब्द पुरवण्याचा अधिकार शिक्षकाला कितपत आहे?

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न खो-खोच्या संदर्भात विचारणे उचित ठरेल. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे येथल्याच; २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. अशा परिसरातली, रोज मैदानावर उतरणारी मुलगीही कविता लिहू लागली की 'हरिणीसारखी चपळ' होते. वास्तविक 'शाकुंतला'तले हरिण उपमेने जिवंत झालेले नाही. मागे वळलेली मान आणि तोंडातून गळणारे अर्धवट चघळलेले गवत यांनी ते जिवंत झाले आहे.

मम्मटाने स्वभावोक्तीची व्याख्या करताना बालकादींच्या स्वाभाविक क्रियांचे वर्णन अभिप्रेत मानले. कुंतकाचा आक्षेप असा की, स्वभाव हा अलंकार्य आहे. तोच अलंकार कसा ठरेल? वर्गात हा आक्षेप उपयोगी पडतो. अलंकार्यच हाती नसेल, तर अलंकार घालायचा कशाला? आणि ते अलंकार्य त्या मुलीपाशी असते. एकदा दिशा घेतलेल्या पाठलाग करणारीला खांबापर्यंत मागे फिरता येत नाही, हे तिचे पाय जाणतात. बसलेली असताना पाठीमागून येणारी पावले तिला कानांनी ओळखावी लागतात.

मग मुलांना मोकळे सोडावे काय? तसे केल्याने ती पाठ्यपुस्तकी उपमांच्याच हवाली होतात. हस्तक्षेप अटळ आहे. प्रश्न त्याच्या रीतीचा आहे. खो पाठीमागून, स्पर्श आणि शब्द एकत्र करून द्यावा लागतो, आणि देणाऱ्याला उठलेल्याच्या जागी बसावे लागते. 'बसल्या बसल्या काय ऐकू आले?' असे विचारून गप्प बसणारा शिक्षक खो देतो. आयती उपमा पुरवणारा खो घालतो. हा भेद मराठी भाषेनेच करून ठेवला आहे.

मात्र प्रश्न विचारणाऱ्यावर उत्तराचेही दायित्व येते. ती मुलगी विजयाऐवजी, संपूर्ण डावात आपल्याला एकदाही खो मिळाला नाही, हा सल लिहील. स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर ती कविता शोभणार नाही. तरीही ती तशीच वाचू देणे, ही त्या शिक्षणाची खरी कसोटी होय.