स्वतःच्या हाताने दर्शन

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या कितीतरी घरांत दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला बत्तीस इंची टीव्ही अजून ठणठणीत आहे. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत, फक्त तो स्मार्ट नाही. छपरावर डिशची छत्री असते, आणि पावसाळ्यात आभाळ भरून आलं की ती नेमकी आरतीच्या वेळी दगा देते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, टीव्हीला एक स्ट्रीमिंग स्टिक आणून लावू, म्हणजे आजीला शिर्डीची काकड आरती, सिद्धिविनायकाचं लाइव्ह दर्शन घरबसल्या मिळेल. गुडघ्यांनी साथ सोडलेल्या माणसासाठी ही निव्वळ करमणुकीची सोय नव्हे. त्यामुळे दुकानात जाण्याआधीच एक जुना धार्मिक प्रश्न समोर येतो. पडद्यावर घेतलेलं दर्शन हे दर्शन आहे का?

या भागात तो अधिक टोकदार होतो, कारण इथे महड आहे. खोपोलीपासून सहा-सात किलोमीटरवरचं हे अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचं ठिकाण. मूर्ती 1690 मध्ये तळ्यात सापडली आणि 1725 मध्ये कल्याणचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी देऊळ बांधलं, असा इथला इतिहास सांगितला जातो. गाभाऱ्यातला नंदादीप 1892 पासून अखंड तेवतो आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. पण महडची खरी ख्याती वेगळी. इथे भक्ताने स्वतः गाभाऱ्यात जाऊन गणपतीची पूजा करण्याची रीत आहे. पुजाऱ्याच्या हाती ताट देऊन उंबऱ्याबाहेर थांबायचं नाही. दूर्वा आपणच वाहायच्या, जास्वंदीचं फूल आपणच ठेवायचं, डोकं आपणच टेकायचं. ज्याने हे एकदा केलं आहे त्याला काचेआडचा गणपती अपुरा वाटणारच, आणि तो अपुरा आहेही.

तरीही महाराष्ट्राच्या भक्तीत लांबून घेतलेल्या दर्शनाला कधी खोटं ठरवलेलं नाही. पंढरपुरात पदस्पर्शदर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. ज्याला तासन्‌तास उभं राहवत नाही तो मुखदर्शन घेतो, आणि तेही जमलं नाही तर कळसाला हात जोडून परततो. त्याची वारी कुणी कमी लेखत नाही. चोखोबांना तर देवळाचं दार ओलांडू दिलं गेलं नाही. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. दूर राहून घेतलेलं दर्शन फोल म्हणायचं, तर चोखोबांच्या भक्तीलाच फोल म्हणावं लागेल, आणि ते म्हणण्याची कुणाचीही प्राज्ञा नाही.

मात्र याच पंढरपुरात साने गुरुजींनी मे 1947 मध्ये उपोषण केलं ते कशासाठी? अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्या माणसांना विठोबापर्यंत जाता यावं म्हणून. बाहेरून भक्ती होते, मग आत कशाला यायचं, असा युक्तिवाद त्यांनी मान्य केला नाही. त्यांचं बरोबर होतं. लांबचं दर्शन खरं असतं, पण ते कुणावर लादायचं नसतं. पडद्याचंही तसंच आहे. आजीला महडला नेणं शक्य असताना ‘टीव्हीवर बघ की’ म्हणणं हे तिला पुन्हा दाराबाहेर बसवणं आहे. शक्य नसताना पडदा लावून देणं ही सेवा आहे.

पडद्यासमोर हात जोडणं या देशाला नवं नाही. रामानंद सागरांचं ‘रामायण’ 25 जानेवारी 1987 पासून दूरदर्शनवर सुरू झालं, तेव्हा लोक रविवारी सकाळी आंघोळ करून टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत. त्यातले राम-सीता नट आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. कोरोनामुळे मार्च 2020 मध्ये राज्यातली देवळं बंद झाली ती 16 नोव्हेंबरला, पाडव्याला उघडली. पुढच्या वर्षी ती पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. 2020 च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांनी विठ्ठल घरूनच पाहिला. त्या काळात कुणी पडद्यावरच्या दर्शनाला खोटं म्हटलं नसेल.

आता उपकरणाकडे. जुन्या टीव्हीच्या मागे हात घालून चाचपलं की एचडीएमआयची चपटी खाच हाताला लागते. ती असेल तर काम सोपं. नुसत्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना असतील तर एचडीएमआयवरून एव्हीत बदलणारी डबी मध्ये लावावी लागते, आणि मग पडद्यावरची अक्षरं अंधूक दिसतात. म्हाताऱ्या डोळ्यांना तो त्रास मोठा.

पर्याय मुख्यतः दोन तऱ्हांचे, आणि त्यांच्यात निवड करणं हाही श्रद्धेच्याच प्रांतातला विचार आहे. गूगलची क्रोमकास्ट 2013 मध्ये आली, भारतात 2014 च्या डिसेंबरमध्ये. तिला सुरुवातीला रिमोटच नव्हता. फोनवरून पाठवाल तेवढंच दाखवायची, एरवी डोंगर-समुद्राची चित्रं. देवाचं दर्शन घ्यायला याहून शांत पडदा सापडणं कठीण. पण फोन नातवाचा, आणि नातू सकाळच्या गाडीने मुंबईला गेलेला. म्हणजे देव पाहायचा तर नातवाची वाट पाहायची. शिवाय ऑगस्ट 2024 मध्ये गूगलने क्रोमकास्टचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि मार्च 2025 मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर एकदमच अडली, कारण आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. दुरुस्ती यायला काही दिवस गेले.

दुसरी तऱ्हा रिमोटवाली: अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक, शाओमीची स्टिक, किंवा ब्रॉडबँडबरोबर मिळणारा जिओ-एअरटेलचा बॉक्स. इथे बटण आजीच्या हाती असतं. फक्त टीव्ही लावल्या लावल्या समोर येतो तो बाजार. मारधाडीच्या मालिकेची मोठी चौकट आपोआप चालू होते आणि गणपती तीन-चार बटणांच्या पलीकडे राहतो.

इथे शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांची आठवण होते. गांधीजींच्या आश्रमातली एकादश व्रतं त्यांनी मराठी पद्यात बांधली. त्यांत असंग्रह आहे तसा अस्वादही आहे. अन्न शरीरासाठी घ्यावं, चवीच्या मागे धावू नये, हा त्याचा सरळ अर्थ. हे व्रत आज डोळ्यांनाही लावायला हवं. आपण काय पाहणार हे दुसऱ्याने भरलेल्या ताटावरून ठरत असेल, तर तिथे भक्ती टिकणं अवघड.

तरीसुद्धा निवड रिमोटवाल्या स्टिकचीच करावी. महडच्या गाभाऱ्यात जे मोलाचं आहे ते स्वतःच्या हाताने करण्यात आहे, आणि घरी त्याच्या जवळ जाणारी गोष्ट एकच: आजीला वाटेल तेव्हा, कुणाला न विचारता दर्शन उघडता येणं. शांतता मागाहून आणता येते. फायर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आपोआप चालणारे व्हिडिओ बंद करता येतात. गूगल टीव्हीवर फक्त अ‍ॅप्स दाखवण्याची सोय आहे. दर्शनाचं अ‍ॅप रांगेत पहिलं आणून ठेवावं, नको ती काढून टाकावीत.

बत्तीस इंची एचडी पडद्याला फोर-के स्टिकसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. बाजारात हजार-बाराशेला मिळणाऱ्या बिननावाच्या अँड्रॉइड बॉक्सपासून मात्र दूरच राहावं. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा स्वस्त उपकरणांत आधीपासूनच घुसखोर प्रोग्राम भरलेले असू शकतात, असा इशारा दिला आहे. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून न देता सोबतच्या अ‍ॅडॉप्टरनेच द्यावी, नाहीतर ती मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते. वाडीवस्तीत ब्रॉडबँड नसेल आणि फोनच्या हॉटस्पॉटवर भागवायचं असेल, तर चित्राचा दर्जा कमी ठेवावा. एचडीत तासाला एक ते तीन जीबी सहज जातात, म्हणजे दीड-दोन जीबीचा रोजचा पॅक एका पूजेतच संपायचा.

टीव्हीच्या आणि स्टिकच्या अशा दोन रिमोटांचा गोंधळ होतो, तेव्हा लागणाऱ्या तीन बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके द्यावेत. आणि पहिले काही दिवस कुणीतरी शेजारी बसून बटणं तिच्याकडूनच दाबून घ्यावीत. चुकलं तर पुन्हा दाबू द्यावं, घाईने तिच्या हातातला रिमोट काढून घेऊ नये.