गायरानाचे नियोजन आणि गावातली शेवटची वस्ती

लातूर जिल्ह्यात जंगल जवळपास नाहीच. जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या एक टक्काही नाही. तिथे सर्वांची म्हणावी अशी जमीन उरते ती गायरानाची. जूनमध्ये सोयाबीन आणि तुरीची पेरणी झाली की सुगीपर्यंत सारे शिवार बंद होते. ज्याला शेत आहे त्याला निदान बांधावरचे गवत असते. ज्याला शेतच नाही, त्याच्या दोन-चार शेळ्यांना या काळात मुरमाड गायरानावरचे खुरटे गवत, बोरी-बाभळीचा पाला आणि रस्त्याची कड एवढाच आधार. देवणी आणि लाल कंधारी या गुरांच्या दोन नावाजलेल्या जाती लातूर-नांदेडच्या याच पट्ट्यातल्या. त्यांची पैदास चराईच्या आधारावर टिकली. अशा जमिनीचे काय करायचे हे कोणी ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले. माझे म्हणणे एवढेच आहे की, प्रत्येक उत्तरात अर्धेच गाव धरले गेले. ज्यांचे जगणे या जमिनीला बांधलेले आहे, ते ठरवणाऱ्यांत कधी आलेच नाहीत.

पहिले उत्तर महसुलाचे होते. निजामाच्या राज्यात १३१७ फसलीच्या जमीन महसूल कायद्याने जमिनीची प्रतवारी आणि मालकी सरकारी दप्तरात पक्की केली. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही तीच चौकट कायम ठेवली. कलम २० प्रमाणे जी जमीन कोणाची नाही ती सरकारची, आणि कलम २२ प्रमाणे त्यातली काही गुरांच्या मोफत चराईसाठी, स्मशानासाठी, गावाच्या इतर गरजांसाठी राखून ठेवायची. म्हणजे गावाला वापर मिळाला, पण अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे राहिला. तलाठ्याच्या दप्तरात आजही हीच रचना दिसते. गाव नमुना १-ब मध्ये बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनी आणि १-ई मध्ये अतिक्रमणांची नोंद. मराठवाड्यातल्या भूमिहीन कुटुंबांनी या १-ई नोंदीला आणि दंडाच्या पावतीला एक वेगळाच अर्थ दिला. गायरान कसल्याबद्दल भरलेल्या दंडाच्या पावत्या त्यांनी पिढ्यानपिढ्या ट्रंकेत जपल्या, कारण जमीन आपण कसत होतो याचा सरकारी शिक्क्याचा दुसरा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता. राज्याने शिक्षा म्हणून दिलेला कागद लोकांनी हक्काचा कागद म्हणून सांभाळला, आणि पुढे तो खरोखर कामी आला.

कामी आला तो चळवळीमुळे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, आणि पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या ही मागणी राज्याच्या पटलावर आली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची पात्र अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरवले. त्याआधी १९७८ मध्येही असा निर्णय झाला होता. हे दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा कितीतरी न्याय्य होते. ज्या समाजाला जातीमुळे जमीन धरूच दिली गेली नाही, त्याच्या नावाचा सातबारा निघणे ही केवळ आर्थिक बाब नव्हती. पण त्यातही नियोजन नव्हते. कोणाला किती एकर, एवढाच हिशेब होता. उरलेल्या गायरानावर कोण चारणार, पाणी कुठे अडवायचे, ज्याला पट्टाही मिळाला नाही त्याचे काय, हे कोणी विचारले नाही.

याच सुमारास अभ्यासकांच्या जगातही मोठी उलथापालथ चालली होती. सामाईक जमीन ओरबाडली जाणारच, हे गॅरेट हार्डिन यांचे १९६८ चे प्रतिपादन सरकारी विचारात खोल रुजले होते. एन. एस. जोधा यांनी १९८६ मध्ये भारताच्या कोरडवाहू भागातल्या ऐंशीहून अधिक गावांचा अभ्यास मांडला, त्यात महाराष्ट्रातली गावेही होती. गरीब कुटुंबांच्या उत्पन्नाचा १४ ते २३ टक्के वाटा सामाईक साधनांतून येतो, आणि १९५० नंतरच्या तीन दशकांत या जमिनी ३१ ते ५५ टक्क्यांनी आक्रसल्या, असे त्यांना आढळले. त्याहून बोचरा निष्कर्ष असा की, ज्या सामाईक जमिनी गरिबांच्या नावाने खासगी झाल्या, त्यांचा मोठा भाग अखेर गरिबांकडे राहिलाच नाही. १९९० मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले की, वापरणारेच नियम करतात आणि पाळले जातात की नाही हे पाहतात, तिथे सामाईक साधने शतकानुशतके टिकतात. म्हणजे गायरान उजाड होते ते सर्वांचे असल्यामुळे नव्हे. नियम करण्याचा अधिकार वापरणाऱ्यांकडे नसल्यामुळे होते.

लोकांना विचारून जमिनीची आखणी करण्याचा मराठवाड्यातला पहिला मोठा प्रयोग मात्र एका संकटातून आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. जागतिक बँकेच्या साह्याने चाललेल्या त्या कार्यक्रमात लोकसहभाग हे अधिकृत धोरण होते; गावात बैठका झाल्या, आराखडे दाखवले गेले. हे मोठे पाऊल होते आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. तरीही घरांचे आकार कसे ठरले ते पाहा. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून मोठ्या खातेदाराला ७५०. भूकंपाने सर्वांची घरे सारखीच पाडली होती. नवी बांधताना मोजमाप जुन्या सातबाऱ्याचे लागले. बैठकीला कोण बसले यापेक्षा बैठकीआधी काय ठरले होते ते किती निर्णायक असते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वरून खाली येणाऱ्या निर्णयांची ही साखळी पहिल्यांदा उलटी फिरवली. सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क झाला. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तो मिळवून दाखवला. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट तालुक्यात जंगल आहे, अनुसूचित क्षेत्रातली गावे आहेत, अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. तिथल्या ग्रामसभेला हा कायदा आपल्या जंगलाच्या व्यवस्थापनाचा अधिकार देतो. तिथून दक्षिणेला मुखेड, कंधार किंवा अहमदपूरला आलो की तेच गवत, तीच गुरे, तीच गरिबी. पण जमीन वनखात्याची नसून महसूल खात्याची आहे, एवढ्यावरून ग्रामसभेचा अधिकार संपतो. ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणून गाव निधीच्या खर्चाचा आराखडा करते; गायरानाचा निर्णय मात्र तहसीलच्या वाटेने जिल्ह्याला जातो. या विसंगतीला कसलाही तार्किक आधार मला दिसत नाही.

गायरानाचा अधिकार ग्रामसभेला द्यावा, यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप ग्रामसभेबद्दलचाच आहे. गावाच्या हाती गायरान द्या म्हणजे गावातल्या बळकटांच्या हाती द्या, असे दलित कार्यकर्ते म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यामागे इतिहास आहे. १९७८ च्या मराठवाडा विद्यापीठ नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या दलित वस्त्या जळाल्या, त्या परक्यांनी जाळल्या नव्हत्या. चराईबंदीचा ठरावही वरवर पर्यावरणाचा असतो. प्रत्यक्षात तो शेळीवाल्या बाईच्या पोटावर येतो आणि गोठ्यात वैरण असलेल्याला त्याची झळ लागत नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण त्यावरून जिल्हाधिकारी अधिक न्यायी ठरतात, असे निघत नाही. जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवा म्हटले, तेव्हा शासकीय धोरणानुसार भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही त्याच निकालात नोंदवला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसांची लाट आली, तेव्हा तो अपवाद किती ठिकाणी आठवला गेला? धनदांडग्याचे मंगल कार्यालय आणि भूमिहीनाची दोन एकरांची वहिती यांतला फरक गाव जाणते. नोटीस दोघांना एकाच नमुन्यात जाते.

म्हणून उपाय ग्रामसभा टाळण्याचा नाही, तिची रचना बदलण्याचा आहे. मुख्य ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आपल्याकडे आहेच. पेसाच्या नियमांत पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. हीच सोय गायरानासाठी दलित वस्तीला आणि लमाण तांड्याला द्यावी: त्यांच्या सभेच्या संमतीशिवाय गायरानाचा वापर बदलू नये, आणि १-ब व १-ई चे उतारे सभेत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय ठराव ग्राह्य धरू नये. यात वेळ जाईल, असे म्हटले जाते, विशेषतः आता सौर प्रकल्पांच्या घाईत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमिनींवर, गायरानांवरही, पॅनल उभे राहत आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी, यात वाद नाही. पण खासगी जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, ग्रामपंचायतीला तीन वर्षे पाच-पाच लाख, आणि त्याच गायरानावर शेळ्या चारणाऱ्या कुटुंबाचा त्या हिशेबात उल्लेखही नाही, ही मांडणी वेळ वाचवते ती कोणाच्या जिवावर, हे विचारावे लागेल. सभा झाली असती तर निदान कुंपण कुठून घालायचे, पाणवठ्याची वाट कुठली सोडायची, पॅनलखालचे गवत कोणी कापायचे, भाड्यातला वाटा कोणाला, हे बोलणे झाले असते.

सभेची तारीखही महत्त्वाची आहे. प्रथेने ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. मुखेड-कंधारकडची अनेक भूमिहीन कुटुंबे जानेवारीत ऊसतोडीवर असतात. त्या सभेत त्यांच्या गायरानाचा ठराव झाला तर त्यांना तो परतल्यावरच कळतो. पंधरा ऑगस्टला ती गावात असतात, शिवार पेरलेले असते, गुरे गायरानावरच असतात. गायरानाचे ठराव त्याच सभेत व्हावेत, असा नियम करायला राज्य सरकारला नवा कायदाही लागणार नाही.