तितिक्षा आणि तंबू

ऊन, वारा, पाऊस यांपासून अंग राखण्याची सोय केली तर साधनेला उणेपण येते का, हा प्रश्न जुना आहे. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात तो दरवर्षी आषाढाच्या तोंडावर नव्याने उभा राहतो. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करत नीरा ओलांडते आणि अकलूजकडे जाते. पालखीबरोबर दिंड्या असतात, दिंड्यांबरोबर मालमोटारी, आणि मालमोटारींत शिधा, पातेली, शेगड्या यांच्या जोडीला राहुट्या. काही घरची माणसे आपली चारचाकी घेऊन, म्हाताऱ्यांना आणि पोरांना बरोबर घेऊन मुक्कामाला येऊन मिळतात आणि स्वतःचा तंबू ठोकतात. विठ्ठलाच्या भेटीला निघालेल्या माणसाने न गळणारा तंबू पारखून घेण्यात मन घालावे का, की पाऊस येईल तसा अंगावर घ्यावा?

प्रश्न पोरकट वाटू नये, कारण शास्त्रातली एक व्याख्या नेमकी याच ठिकाणी अडवते. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेची लक्षणे सांगितली आहेत. दुःख सोसावे, त्याचा प्रतिकार करू नये, आणि सोसताना चिंता किंवा विलाप करू नये. आता तंबू म्हणजे प्रतिकारच. तोही ढग येण्याआधी घरी बसून, बाजारात फिरून, पैसे मोजून केलेला. मनुस्मृतीचा सहावा अध्याय आणखी कडक आहे. वानप्रस्थाने उन्हाळ्यात पंचाग्नी साधन करावे, पावसाळ्यात उघड्या आकाशाखाली राहावे, हिवाळ्यात ओली वस्त्रे नेसावीत असे तो सांगतो. दिगंबर जैन मुनींच्या परंपरेत पावसात झाडाच्या बुंध्याशी ध्यानाला बसण्याचा वृक्षमूल योग आहे. या दृष्टीने पाहिले तर राहुटी ही तपातली पळवाटच ठरते.

उलट बाजूचे म्हणणेही तितकेच जुने आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात शास्त्राला सोडून, दंभाने आणि हट्टाने शरीराला छळणारे तप आसुरी म्हटले आहे. बौद्धांच्या विनयपिटकात तर याहून रोखठोक नियम आहेत. भिक्खूने घर सोडलेले असते, झाडाचा बुंधा हेच त्याचे मूळ वसतिस्थान. तरीही वर्षावास उघड्यावर करू नये, झाडाच्या ढोलीत करू नये, छत्रीखाली करू नये असे ‘महावग्ग’ बजावतो. वर्षावासाचा नियम मुळात झाला तो लोकांच्या तक्रारीवरून. भिक्खू पावसाळ्यातही हिंडतात, कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवतात, असे लोकांचे म्हणणे होते. जैन साधूंच्या चातुर्मासाचे कारणही अहिंसाच आहे. घर सोडलेल्या माणसाला पावसात छपराखाली आणले ते दुसऱ्या जिवांच्या काळजीने, ही बाब पुढच्या विचाराला फार उपयोगी पडते.

वारकऱ्यांनी या साऱ्या व्यवस्थेचा क्रम फिरवला. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि संन्यासी एका जागी थांबतो. वारकरी मात्र त्याआधीचे अठरा-वीस दिवस, पाऊस सुरू होत असतानाच, घर सोडून वाटेला लागलेला असतो, आणि द्वादशीनंतर पुन्हा घरी परततो. तो संन्यासी नाही. त्याच्या मागे पेरणी असते, गुरे असतात, लेकीसुना असतात. तुकोबा स्वतः प्रपंची होते. वाण्याचा व्यवसाय, बायकामुले, आणि १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घरावर आलेले मरण, हे सगळे त्यांनी पाहिले. पालखीची प्रथाही परंपरेप्रमाणे १६८५ मध्ये त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी सुरू केली. वारी ही गृहस्थांची वाट आहे. म्हणून तिच्यावरच्या तंबूचा न्याय वानप्रस्थाच्या मापाने करणे चुकीचे ठरते.

गृहस्थाचे माप कोणते? तितिक्षा हे ज्याचे त्याने, आपल्या अंगावर करायचे साधन आहे. विवेकचूडामणीतला साधक एकटा आहे. जे सोसायचे ते त्याचे स्वतःचे, आणि प्रतिकार न करण्याचा निर्णयही त्याचाच. सहा वर्षांच्या पोराने किंवा दम्याचा त्रास असलेल्या आजीने असा निर्णय घेतलेला नसतो. त्यांना रात्री दोन वाजता ओल्या सतरंजीवरून उठवून बसवणे आणि त्याला भक्ती म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर वैराग्य करणे होय. त्यातून पोराला खोकला मिळतो आणि बापाला पुण्याचा भास. स्वतःपुरते भिजायची पूर्ण मोकळीक गृहस्थाला आहे, पण बरोबरच्यांचे कोरडेपण त्याने सोडून देण्यासारखी वस्तू नाही. ती त्याच्याकडे सोपवलेली ठेव आहे. एवढे मान्य झाले की चांगला तंबू निवडणे हे कर्तव्यात येते, आणि कर्तव्य म्हटले की ते नीट करावे लागते. अर्ध्या मनाने घेतलेला, शिवणीतून पाझरणारा तंबू हा वैराग्याचा पुरावा होत नाही.

नीट करायचे तर इथली हवा आधी पाहावी. सह्याद्रीच्या आड पडलेला हा पर्जन्यछायेचा मुलूख. लोणावळ्याला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बारामतीला वर्षाकाठी साधारण ५००, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरातला. पालखीच्या दिवसांत इथे पावसापेक्षा वारा छळतो. पश्चिमेकडून दिवसरात्र वाहणारा, धूळ उडवणारा, कनाती फडफडवणारा वारा. मधूनच एखादी जोराची सर येते आणि तासाभरात काळ्या मातीचा चिकट गाळ होतो. त्यात ठोकलेली खुंटी हाताने उपसून निघते. मात्र सरासरीवर विसंबून चालत नाही. मे २०२५ च्या अखेरीस बारामती, इंदापूर आणि दौंड भागात असा पाऊस कोसळला की नीरा डावा कालवा फुटला आणि घरांत पाणी शिरले.

या हवेला पुरणारा तंबू कसा असावा हे दिंडीत राहुटी ठोकणारे गडी चांगले जाणतात. आधी जागा पाहायची. खोलगट रान टाळायचे, शक्यतो मुरमाड चढ धरायचा. राहुटीची अरुंद बाजू वाऱ्याला द्यायची, दार वाऱ्याच्या पाठीशी ठेवायचे. मधले खांब उभे केले की समोरासमोरचे तणावे एकाच वेळी ओढायचे, नाहीतर खांब कलतो. काळ्या रानात आखूड मेखा कामाच्या नाहीत. हातभर लांबीची लोखंडी मेख तिरपी ठोकायची, आणि माती मऊ झाली तर तिच्यावर दगड ठेवायचा. कडेने वीतभर चर खणून पाण्याला उताराकडे वाट काढून द्यायची. सुती जाड कापड भिजले की त्याचे धागे फुगतात आणि विणीतली भोके बुजतात. पण आतून त्याला डोके किंवा बोट घासले की तिथूनच थेंब झिरपू लागतो. म्हणून राहुटीत झोपताना कडेला अंग लावू नये असे नव्या माणसाला पहिल्या रात्रीच सांगतात.

बाजारातल्या कौटुंबिक तंबूंचे कापड पॉलिएस्टरचे असते आणि त्यावर आतून लेप दिलेला असतो. त्याची ताकद मिलिमीटरमध्ये सांगतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर ते पाझरू लागते, तो हा आकडा. छताला १,५०० ते ३,००० पुरे होते. तळाला जास्त लागते, कारण गुडघा टेकला की त्या जागी दाब वाढतो. तळाचे कापड कडेने वीतभर वर वळलेले असावे, शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असावी, बाहेरचे आच्छादन जवळजवळ जमिनीपर्यंत यावे. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नये, नाहीतर छतावरचे पाणी तीच गोळा करून अंथरुणाखाली आणते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे तंबू हवाबंद नको. चार माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर साचते आणि पहाटे अंगावर टपकते, तेव्हा तंबू गळला असे उगीच वाटते. दारे बंद करून आत शेगडी पेटवणे तर जिवावर बेतणारे आहे. पाऊस अडवायचा आणि वारा खेळू द्यायचा, या दोन्ही गोष्टी ज्याला जमतात तोच खरा पावसाळी तंबू. आतल्या आणि बाहेरच्या कापडात हाताची जागा सोडलेली असली की हे साधते.

आतापर्यंतच्या विचारात एक धोका आहे. घरच्यांची काळजी या नावाखाली कितीही पसारा वाढवता येतो. पूर्वी सामान डोक्यावर, बैलगाडीवर असायचे, आणि ओझे स्वतःच मर्यादा घालायचे. अपरिग्रहाची निम्मी शिकवण माणसाच्या मानेने आणि बैलाच्या खांद्याने दिली. मोटारीने ती मर्यादा काढून घेतली. मागच्या डिकीत दोन खोल्यांचा तंबू, फुगवायची गादी, पंखा, खुर्च्या, सगळे मावते. संतांनी ज्याला उपाधी म्हटले ती इथून सुरू होते. निवारा आणि उपाधी यांतली रेषा कुठे ओढावी याला सूत्र नाही, पण एक खूण सांगता येते. जोपर्यंत सोय पाऊस, वारा, थंडी आणि आजार यांना उत्तर देते तोपर्यंत ती निवारा आहे. शेजारच्या तंबूकडे पाहून घेतलेली वस्तू उपाधीत गेली. दिंडीत भिशी, म्हणजे वाटखर्चाची वर्गणी, सगळ्यांनी सारखी भरलेली असते आणि राहुटी सगळ्यांची असते, त्यामुळे ही ओढ तिथे आपोआप आटोक्यात राहते. खाजगी तंबूला तसा आवर नाही. तो घरच्यांनाच घालावा लागतो.

यहुदी धर्मात निवाऱ्याच्या या दोन्ही टोकांना नियमांचे रूप मिळाले आहे. निर्गमाच्या ग्रंथात वाळवंटातल्या देवमंडपाचे वर्णन येते. आत तागाचे विणलेले पडदे, त्यावर बकऱ्याच्या केसांचे कापड, त्यावर लाल रंगवलेली मेंढ्यांची कातडी, आणि सगळ्यांवर आणखी एक कातड्याचे आच्छादन. देवाच्या तंबूला एवढे थर. सुक्कोथ या सणात मात्र सात दिवस ज्या मांडवात राहायचे त्याचे छप्पर पालापाचोळ्याचेच हवे, आणि रात्री त्यातून तारे दिसावेत असा संकेत आहे. तो गळला पाहिजे, कारण पूर्वजांच्या भटकंतीची आठवण त्यातच आहे. पण याच नियमांत पुढे सांगितले आहे की पावसाने ताटातले अन्न नासू लागले तर उठून घरात जावे. मांडवातली गैरसोय पत्करायची ती मागे पक्के घर आहे म्हणून.

मागे घर नसेल तेव्हा काय, हे पाहायला दूर जावे लागत नाही. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. त्या मेंढ्या राखणाऱ्या धनगरांचे वाडे दिवाळीनंतर चाऱ्यामागे बाहेर पडतात, आणि त्यांच्यातले कित्येक घाट उतरून कोकणापर्यंत जातात. पावसाच्या आधी ते या कोरड्या पठारावर परततात, कारण भिजलेल्या जमिनीवर मेंढीचे खूर सडतात. मुक्काम वरचेवर बदलतो, पाल घटकाभरात उभे राहते आणि घटकाभरात घोड्यावर चढते. लोकरीच्या घोंगडीत पाणी चटकन शिरत नाही, म्हणून तीच अंथरूण, तीच पांघरूण, तीच पावसातली खोळ. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांमध्ये ‘अनिकेत’ असणे सांगितले आहे. धनगराचे हे हलते घर पाहून त्याला अनिकेत म्हणावेसे वाटते, पण गीतेतला अनिकेत कशातच गुंतलेला नसतो. धनगराचा जीव कळपात असतो आणि असायलाच हवा.

ऊसतोड मजुरांच्या कोप्यांविषयी तर तेवढेही म्हणता येत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी अशा कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, आणि बीड-अहिल्यानगरकडून आलेली जोडपी पोराबाळांसह रानाच्या कडेला कोपी घालून राहतात. बांबूच्या कमानी, उसाचे पाचट, वर जुनी ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचा कागद. थंडी तिच्यात निभते, पण नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला की पाचट रात्रभर ठिबकत राहते आणि सकाळी सहाला कोयता हातात घ्यावाच लागतो. बाहेरून पाहणारा याला सोशिकपणा म्हणतो. तितिक्षेच्या व्याख्येत प्रतिकार न करणे आहे. पण जिथे प्रतिकाराची ताकदच नाही तिथे न करण्याला काही अर्थ उरत नाही, आणि त्या सोसण्याला साधनेचे नाव देणे हा अन्याय आहे. बापाने पोराच्या अंगावर वैराग्य करू नये हा नियम घरापुरता थांबत नाही. ज्याच्या कामासाठी माणसे घर सोडून आली त्याच्यावरही तो लागू होतो. मुकादमाने दिलेली उचल, तोडणी-वाहतुकीचे दर, कोयत्याचा हिशोब हे सगळे हंगामाआधी ठरते. वीतभर उंच ओटा, न फाटणारी ताडपत्री आणि पाण्याला वाट देणारा चर यांची बोली त्याच बैठकीत होण्यासारखी आहे.