मध घेण्याचा अधिकार

मधमाशी मध साठवते तो स्वतःच्या वसाहतीसाठी. फुले नसलेल्या महिन्यांत, पावसाच्या झडीत किंवा हिमाच्या दिवसांत सारे मोहोळ त्या साठ्यावर जगते. माणूस हा साठा काढून घेतो. या घेण्याला दान म्हणावे, मेहनतीचा मोबदला म्हणावे की चोरी म्हणावे, हा प्रश्न भारतीय धर्मपरंपरांना फार जुन्या काळापासून पडलेला आहे आणि त्यांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

घरी मीड करणाऱ्यासमोर हा प्रश्न अधिक टोकदार होऊन येतो. मीड म्हणजे पाण्यात मिसळून आंबवलेल्या मधाचे मद्य. त्यात धान्य नसते आणि मुळात फळही नसते. जे काही आहे ते मधच. पाच लिटर मीडला साधारण दीड किलो मध लागतो. युरोपीय जातीची कामकरी माशी आयुष्यभरात चमच्याच्या बाराव्या हिश्श्याएवढा मध करते असे धरले, तर एवढ्या मीडमागे अडीच हजार माश्यांची सारी हयात उभी असते. चहात चमचाभर मध घालणाऱ्याने हा हिशेब टाळला तर समजण्यासारखे आहे. बरणीमागून बरणी रिकामी करणाऱ्याला तो टाळता येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे 1949च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे इथे हा उद्योग परवानाधारकांपुरता राहतो. अमेरिकेत मात्र संघीय कायदा एकट्या प्रौढ व्यक्तीला घरच्या वापरासाठी वर्षाला 100 गॅलनपर्यंत असे मद्य करू देतो. तिथल्या मराठी घरांत कोणी मीड लावायला घेतले, तर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न मध कोणता आणि कुठून आणायचा हाच असतो. तो चवीचा प्रश्न वाटतो, पण त्याच्या तळाशी धर्माचा प्रश्न आहे.

वैदिक परंपरेत मधाला मोठा मान आहे. घरी आलेल्या पूज्य पाहुण्याला मधुपर्क द्यायचा, देवाला पंचामृताचे स्नान घालायचे, ही त्याची ठळक रूपे. बृहदारण्यक उपनिषदातल्या मधुविद्येने या गोडव्याला तत्त्वज्ञानाची उंची दिली. तिथे पृथ्वी सर्व भूतांचा मध आहे आणि सर्व भूते पृथ्वीचा मध आहेत. पाणी, अग्नी, वारा, सूर्य यांच्याबद्दलही तेच सांगितले आहे. नाते दोन्ही बाजूंनी आहे. जो घेतो, तोही कोणाचे तरी अन्न आहे. ही शिकवण मनावर घेतली तर नुसते घेत राहण्याला जागा उरत नाही. पण मध पोळ्यातून कसा काढला, हा प्रश्न कर्मकांडात कुठे फारसा आलेला दिसत नाही. मनुस्मृती ब्रह्मचाऱ्याला मध वर्ज्य सांगते, मध चोरणारा पुढच्या जन्मी दंश करणारा कीटक होतो असे बजावते, आणि निषिद्ध सुरेच्या तीन प्रकारांत माध्वी धरते. यातली चोरी माणसाने माणसाच्या घरातून केलेली चोरी आहे. मधाची मालकीण माशी आहे, हा विचार या स्मृतीला सुचला नाही, आणि ही उणीव लहान नाही.

माशीच्या बाजूचा विचार जैन आचार्यांनी केला, आणि टोकापर्यंत नेला. दहाव्या शतकाच्या सुमारास अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ हा श्रावकाचारावरचा, म्हणजे गृहस्थ अनुयायाच्या आचारावरचा, ग्रंथ लिहिला. त्यात मद्य, मांस, मधु आणि पाच उदुंबर फळे यांचा त्याग ही श्रावकाची पहिली पायरी आहे; अहिंसेच्या वाटेवर निघणाऱ्याने आधी हे आठ पदार्थ सोडायचे. मधाबद्दलची त्यांची मांडणी विशेष बारकाईची आहे. मधाचा थेंबसुद्धा बहुधा माश्यांच्या हिंसेतून येतो, हा पहिला मुद्दा. त्यावर कोणी म्हणेल की पोळ्यातून आपोआप गळालेला मध तरी चालेल. आचार्य तीही पळवाट बुजवतात: आपोआप गळालेल्या मधातही त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या जीवांचा घात होतोच. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त हाच निषेध आणखी कडक शब्दांत केला. श्वेतांबर परंपरेत मध, मद्य, मांस आणि लोणी या चार महाविगई, म्हणजे मोठे विकार जागवणारे पदार्थ, मानल्या जातात. मध आणि मद्य दोन्ही निषिद्ध असल्यामुळे मीड जैन दृष्टीने दुहेरी वर्ज्य ठरते. शिवाय मद्यात असंख्य जीव जन्मतात आणि ते पिताना मरतात, हा आक्षेपही अमृतचंद्रांनी स्वतंत्रपणे नोंदवला आहे. आंबवणे हे यीस्ट या सूक्ष्मजीवाचे काम आहे, हे विज्ञानाने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केले. आचार्यांच्या आणि प्रयोगशाळेच्या परिभाषा वेगळ्या आहेत. पण आंबणारा द्रव सजीवांनी भरलेला असतो, एवढ्या बाबतीत दोघांचे निरीक्षण एकच आहे.

या भूमिकेला अतिरेक म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. शेकडो वर्षे मध काढण्याची जी रीत चालत आली, ती पाहिली तर आचार्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. आग्यामाशीचे पोळे पलित्याने जाळायचे, उरलेल्या माश्या धुराने हुसकायच्या, पोळे अख्खे कापून आणायचे आणि अंड्या-अळ्यांसकट हाताने पिळायचे. पिळलेल्या मधात अळ्यांचा रस उतरे. अशा मधाला हिंसेचा पदार्थ म्हणणे हे रीतसर वर्णन होते. युरोपातही स्थिती वेगळी नव्हती. तिथे गवती टोपल्यांत मोहोळे ठेवत आणि शरदात गंधकाचा धूर देऊन अख्खी वसाहत मारून मध काढत. पिळून उरलेली पोळी पाण्यात धुऊन त्या गोड पाण्याचे मीड लावले जाई. जुन्या मीडची ही पार्श्वभूमी घरगुती मीडच्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही.

बौद्ध परंपरेने मधला मार्ग काढला. विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे भिक्षूला सात दिवस जवळ ठेवता येतात. मध त्याज्य नाही, फक्त साठवण्यावर बंधन आहे. पण याहून मोलाची आहे ती पारिलेय्यक वनातली कथा. बुद्ध त्या वनात एकटे राहत असताना एका माकडाने त्यांना मधाचे पोळे आणून दिले. धम्मपदाच्या अट्ठकथेनुसार बुद्धांनी ते हातात घेतले, पण खाल्ले नाही. माकडाने पोळे परत घेऊन नीट पाहिले, त्यातली किड्यांची अंडी काढून टाकली आणि पुन्हा दिले. तेव्हा बुद्धांनी ते खाल्ले. बंगाल आणि चट्टग्राम भागातले बौद्ध आजही भाद्रपद पौर्णिमेला या प्रसंगाची आठवण म्हणून विहारांत मध अर्पण करतात. उत्सवात भर माकडाच्या भक्तीवर असतो. तत्त्वाच्या दृष्टीने मात्र कथेचे मर्म मधल्या क्षणात आहे, स्वीकार आणि सेवन यांच्यामधल्या थांबण्यात. देणाऱ्याचा भाव शुद्ध असला तरी पोळ्यात पिल्ले आहेत का, हे पाहणे उरतेच. जाणकार वाचक इथे शंका काढेल की अंडी काढून टाकल्याने ती वाचली थोडीच. शंका रास्त आहे. या कथेने हिंसा पुसली जात नाही. पण घेणाऱ्याने काय तपासायचे, ते नेमके दाखवले जाते.

याच परंपरेत मधमाशी स्वतः आदर्श म्हणून येते. फुलाचा रंग आणि गंध न बिघडवता भुंगा रस घेऊन जातो, तसे मुनीने गावात वावरावे, असे धम्मपद सांगते. महाराष्ट्राला हा विचार माधुकरीच्या रूपाने जवळचा आहे. पाच घरी थोडे थोडे मागायचे, कोणत्याही एका चुलीवर भार टाकायचा नाही, ही त्यामागची शिस्त. पुण्यात कित्येक गरीब विद्यार्थ्यांची शिक्षणे माधुकरीवर झाली. म्हणजे न दुखावता घ्यावे कसे, हे माणूस मधमाशीकडून शिकला. आणि खुद्द मधमाशीकडून घेताना मात्र ते विसरला. मध घेण्याच्या प्रश्नावर सर्वांत न्याय्य कसोटी हीच दिसते: माशीने फुलाशी जसा व्यवहार केला, तसा माणसाने माशीशी केला का? फुलाचे माशीमुळे काही घटत नाही. उलट परागीभवनाने फळ धरते. मध काढल्यावर मोहोळ तसेच नांदते का, एवढेच पाहायचे आहे.

ही कसोटी पाळणे शक्य झाले ते एका अमेरिकन धर्मोपदेशकामुळे. फिलाडेल्फियात राहणाऱ्या लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात 1851 मध्ये आले की चौकटींमध्ये सुमारे आठ मिलिमीटर फट ठेवली, तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत. त्यावरून सुट्या चौकटींची मधपेटी तयार झाली. खाली पिल्लांचे घर, वर मधाची कोठी, आणि वरच्या चौकटी उचलल्या तरी खालचे घर अबाधित. 1865 मध्ये ऱ्हुश्का यांनी मध फिरवून काढण्याचे यंत्र आणले, तेव्हा पोळे पिळायचीही गरज राहिली नाही. रिकामे पोळे माश्यांना परत देता येते, आणि मेण नव्याने गाळण्यात त्यांचा जो कित्येक पट मध खर्च होतो तो वाचतो. अमृतचंद्रांच्या पहिल्या आक्षेपाचा बराच भाग या दोन साधनांनी निस्तेज केला. दुसरा आक्षेप, म्हणजे मधाच्या आश्रयाने राहणाऱ्या जीवांच्या घाताचा, कोणतेही साधन निस्तेज करू शकत नाही.

पेटी आली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. पेटीतला सगळा मध काढून माश्यांना साखरेच्या पाकावर ठेवता येते, आणि तसे होते. सह्याद्रीत याचा अर्थ फार स्पष्ट आहे. महाबळेश्वर परिसरात जांभूळ आणि हिरडा उन्हाळ्यात फुलतात आणि त्यांचा मध पावसाच्या आधी काढला जातो. पुढचे चार महिने मुसळधार पावसात माशीला बाहेर पडता येत नाही. त्या चार महिन्यांसाठी सातेरी माश्यांच्या पेटीत किती मध ठेवला, यावर मधपाळाची नियत ठरते. 2022 मध्ये ज्याला मधाचे गाव म्हणून जाहीर केले, ते मांघर याच डोंगरात आहे. रानातल्या आग्यामोहोळांबाबतही आता वेगळी रीत शिकवली जाते. आग्यामाशी मध पोळ्याच्या वरच्या, फांदीलगतच्या जाड भागात साठवते आणि पिल्ले त्याखाली असतात. संरक्षक पोशाख घालून फक्त मधाचा गड्डा कापला आणि पिल्लांचा भाग राखला, तर माश्या तिथेच पुन्हा मध भरतात. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने ही रीत अहिंसक मध म्हणून मांडली. गांधींच्या कर्मभूमीत हे नाव पुढे यावे, हे सुसंगत आहे.

विशिष्ट फुलाचा मध शोधणाऱ्याला तात्त्विक अडचण येते ती छांदोग्य उपनिषदात. उद्दालक आरुणी श्वेतकेतूला सांगतात की माश्या नाना झाडांचे रस आणून एकरूप करतात, आणि त्या रसांना मी अमक्या झाडाचा ही ओळख उरत नाही. तसेच सारे जीव सतामध्ये एक होतात. मग जांभळाचा, कारवीचा, संत्र्याच्या फुलाचा असा नावाचा मध मागणे म्हणजे अज्ञानाकडे परत जाणे नव्हे काय? प्रत्यक्षात दृष्टान्त आणि व्यवहार यांच्यात विरोध नाही. मधाच्या परागकणांपैकी साधारण 45 टक्क्यांहून अधिक एका वनस्पतीचे असले, की त्या मधाला तिचे नाव देतात. बाकीचे रस त्यात असतातच. शुद्ध एकाच फुलाचा मध पेटीत तयार होत नाही. आठ वर्षांतून एकदा फुलणाऱ्या कारवीचा दाट मधही याला अपवाद नाही. ऋषीचे निरीक्षण अचूक आहे.

तरीही नावाचा आग्रह धरावा, आणि तो चवीपेक्षा वेगळ्या कारणासाठी. सतामध्ये नाव विरून जाणे हे ज्ञान आहे. बाजारात नाव विरून जाणे ही सोय आहे, आणि त्या सोयीत हिंसा लपते. अनेक देशांचा मध एकत्र करून विकला की पोळी कशी कापली, साठा किती ठेवला, हे विचारायला माणूस राहत नाही. त्यात खोटेपणाही शिरतो. 2020 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने तपासलेल्या 13 ब्रँडपैकी केवळ तीनच सर्व चाचण्यांत टिकले. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचा निष्कर्ष निघाला. साखरेच्या पाकाचेही मद्य होते, पण ते मीड नव्हे. फूल, डोंगर, हंगाम आणि मधपाळ ठाऊक असलेला मध घेतला, तर उत्तरदायित्वाला चेहरा मिळतो. मीडसाठी याचा एक व्यावहारिक लाभही आहे. सातेरी आणि आग्यामाशीच्या मधात पाण्याचा अंश बरेचदा 20 टक्क्यांहून जास्त असतो, त्यामुळे तो बाटलीत आंबण्याची भीती असते आणि व्यापारी त्याला कमी लेखतात. ज्याला मध आंबवायचाच आहे, त्याच्या लेखी तो दोष नाही.

इतर धर्मांनी प्रश्नाची वेगळी टोके धरली. यहुदी धर्मशास्त्रात माशी निषिद्ध, पण मध चालतो, कारण माशी तो आपल्या देहातून निर्माण करत नाही, फुलांतून आणते, असा तालमूदचा युक्तिवाद आहे. इस्लाममध्ये कुराण मधाला माणसासाठी औषध म्हणते; मात्र येमेनमधल्या बित्अ या मधाच्या मद्याविषयी विचारले असता, नशा आणणारे प्रत्येक पेय हराम, असे उत्तर पैगंबरांनी दिल्याचे हदीसमध्ये आहे. तिथे दोष घेण्यात नसून नशेत आहे. इथिओपियातले ख्रिस्ती मधाचे तेज नावाचे मद्य सणासुदीला आवर्जून करतात, आणि तिथले मुस्लिम न आंबवलेले बिर्झ पितात. एकाच मधाच्या दोन वाटा शेजारी शेजारी नांदतात.

या साऱ्या मतांत तर्काने सर्वांत सुसंगत भूमिका जैनांची आहे: ज्यात जीवांचा घात आहे ते घेऊ नये. ती पाळणाऱ्याला कोणत्याही सुधारित पेटीचा दाखला देऊन खोटे पाडता येणार नाही. ज्याला ती पाळायची नाही, त्याच्यावर मात्र पारिलेय्यक वनातले थांबणे बंधनकारक आहे. पिल्लांचा भाग राखला का, पावसाळ्याचा किंवा हिवाळ्याचा साठा पेटीत ठेवला का, आणि या दोन प्रश्नांचे उत्तर देणारा मधपाळ भेटतो का, हे विकत घेण्याआधी विचारावे. उत्तर मिळत नसेल तर तो मध, कितीही दुर्मीळ फुलाचा असो, घेऊ नये.