कोणते दार वगळले?



धम्मप्रचारक कसा असावा याची चर्चा आपण नेहमी करतो. तो विद्वान असावा, शीलवान असावा, वक्ता असावा, असे आपण म्हणतो. परंतु त्याचा दिवस कसा जावा, सकाळी उठून त्याने कोणाच्या दारात जावे, याचा विचार आपल्यात फारसा होत नाही. म्हणून आज मी तुमच्यापुढे एका परक्या पंथाच्या तरुण प्रचारकाचा दिवस ठेवणार आहे.

हा पंथ म्हणजे मॉर्मन. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने तो १८३० साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. आज त्याचे मुख्य ठाणे यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. या पंथातील मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याने दोन वर्षे प्रचारासाठी द्यावीत अशी अपेक्षा असते. मुलींसाठी हा काळ दीड वर्षाचा असतो. कोणत्या देशात जायचे हे मुख्यालय ठरवते. मुलाने फक्त जायचे. त्या देशाची भाषा येत नसेल तर काही आठवड्यांत ती शिकवून त्याला पाठवले जाते. त्याला पगार नसतो. खर्च त्याने स्वतः साठवलेला असतो, नाहीतर घरची माणसे भरतात. आज असे सत्तर हजारांहून अधिक तरुण-तरुणी जगभर फिरत आहेत.

त्याचा दिवस सर्वसाधारणपणे असा असतो. सकाळी साडेसहाला उठायचे. व्यायाम, न्याहारी, मग धर्मग्रंथाचा आणि भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावून बाहेर पडायचे. दारे ठोठवायची, रस्त्यात माणसांशी बोलायचे, कोणाला मदत हवी असेल तर हात लावायचा. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत मुक्कामी परतायचे आणि साडेदहाला दिवा मालवायचा. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही. एकट्याने कोठे जायचे नाही. नेमून दिलेला जोडीदार सतत बरोबर. आठवड्यातून एक दिवस कपडे धुण्यासाठी आणि घरी पत्र लिहिण्यासाठी मोकळा. २०१९ पर्यंत आईबापांना फोनही वर्षातून दोनदाच करता येई. आता दर आठवड्याला करता येतो. आणि दिवसभरात त्याच्या वाट्याला बहुतेक काय येते, तर बंद होणारे दार.

हे वाचून काही जण म्हणतील, पाहा, याला म्हणतात निष्ठा! आमची मुले १४ एप्रिलच्या मिरवणुकीपुरती भीमसैनिक असतात आणि १५ एप्रिलला विहाराला कुलूप लागते. दुसरे काही जण म्हणतील, हे पढवलेले पोपट आहेत, यांचे आम्हाला काय कौतुक? दोन्ही म्हणण्यांत थोडे तथ्य आहे. पण दोघांनीही खरा प्रश्न विचारलेला नाही. दुसऱ्याच्या दारात उभे राहून "तुझा धर्म सोड, माझा घे" असे म्हणण्याचा नैतिक अधिकार माणसाला कधी प्राप्त होतो? केवळ शिस्तीने तो मिळत नाही. शिस्त तर सावकाराच्या वसुली कारकुनालाही असते. केवळ कष्टानेही मिळत नाही.

या मॉर्मन तरुणांच्याच इतिहासात या प्रश्नाची एक कठोर परीक्षा झालेली आहे. १८५२ पासून १९७८ च्या जूनपर्यंत त्यांच्या पंथात काळ्या वर्णाच्या पुरुषाला पौरोहित्याचा अधिकार नव्हता. काळ्या माणसाला बाप्तिस्मा मिळे, पण मंदिरातील महत्त्वाच्या विधींना स्त्री असो वा पुरुष, त्याला प्रवेश नसे. ब्राझीलसारख्या देशात तर पिढ्यान् पिढ्या गोरे-काळे रक्त मिसळलेले. तेथे समोरच्या माणसात आफ्रिकी वंशाचा अंश आहे काय, याची चाचपणी या तरुणांना करावी लागे, आणि तसा संशय आला की ते दार टाळावे लागे. डोळ्यांपुढे आणा: घरदार सोडून, स्वखर्चाने, सातासमुद्रापार आलेला वीस वर्षांचा मुलगा. वागणूक निर्मळ, पहाटेपासून कष्ट. आणि तो दारात उभा राहून माणसाचा चेहरा न्याहाळतो आहे. त्याच्या निष्ठेत कसूर नव्हती, पण त्याने दार वगळले होते. पंथाने १९७८ साली हा नियम रद्द केला आणि या नियमाच्या समर्थनार्थ पूर्वी सांगितलेली कारणे २०१३ साली जाहीरपणे नाकारली. पण मधल्या सव्वाशे वर्षांत जी माणसे वगळली गेली, त्यांना ते नाकारणे कोठून ऐकू येणार?

चेहरा न्याहाळून माणूस वगळणे म्हणजे काय, हे सातारा जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. १९०१ च्या सुमारास वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. कपडे नीटनेटके, बोलणे स्वच्छ. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागले. मुलांनी आपली जात सांगितली आणि मास्तरांचा चेहराच पालटला. मग एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. ती आपुलकी खोटी नव्हती. पण तिला एक अट होती. अशा अटीची करुणा म्हणजे करुणा नव्हे.

आपल्या या दोन जिल्ह्यांनी मिशनरी पाहिलेच नाहीत असे नाही. कॅनडात जन्मलेला विल्यम वानलेस नावाचा डॉक्टर १८८९ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी सांगलीस आला. तेथे त्याने दवाखाना सुरू केला आणि १८९४ साली मिरजेस इस्पितळ उघडले. येथल्या मुलांना त्याने वैद्यकी शिकवली आणि १९२८ पर्यंत तो येथे राहिला. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला त्याचे नाव आहे. दोन वर्षांच्या फेरीत जे होत नाही ते चाळीस वर्षांच्या मुक्कामात होते, हा त्याचा धडा. दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास "देवाचा दरबार" स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा असावी, असा त्यांचा आग्रह होता. परक्यांच्या पगारावर आणि परक्यांच्या साच्यात प्रचार होऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

बाबासाहेबांनी या साऱ्याचा बारकाईने विचार केला होता. १९५० साली महाबोधि सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी स्पष्ट लिहिले की भिक्षुसंघाने ख्रिस्ती धर्मप्रचारकांचे, विशेषतः जेझुइटांचे, काही गुण घ्यावेत. भिक्षू थोडे असावेत पण सुशिक्षित असावेत आणि त्यांनी लोकांची सेवा करावी. त्याच बाबासाहेबांनी असेही दाखवून दिले की धर्मांतर करूनही ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांची जात सुटली नाही. म्हणजे सेवा घ्यावी, पण सेवेच्या आड जात लपू देऊ नये.

आता आपल्या परंपरेकडे या. भिक्षूच्या व्रतांत "सपदानचारिका" नावाचे एक व्रत आहे. भिक्षेला निघालेल्या भिक्षूने ओळीने घरे घ्यायची. श्रीमंताचे घर गाठण्यासाठी मधले गरिबाचे घर ओलांडायचे नाही. वगळू नये, हेच ते व्रत. याच वृत्तीने संघात उपाली न्हावी आला, सुनीत भंगी आला, सोपाक आला. आणि पहिल्या साठ भिक्षूंना तथागतांनी पाठवले तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगितले. मॉर्मन मुलाबरोबर जोडीदार दिला जातो, त्यात सोबतही आहे आणि पहाराही. तथागतांनी पहारा ठेवला नाही. जास्तीत जास्त दारे गाठली जावीत, हे पाहिले.

दुसरी कसोटी ऐकणाऱ्याच्या स्वातंत्र्याची. निगंठांचा धनवान अनुयायी उपाली गृहपती (हा न्हावी उपाली नव्हे) तथागतांना वादात हरवायला आला आणि त्यांचाच उपासक होऊ लागला. तेव्हा तथागत त्याला म्हणाले, नीट विचार कर, घाई करू नकोस. आणि तुझ्या घरी आजवर निगंठांना भिक्षा मिळत आली आहे, ती बंद करू नकोस. अनुयायी मिळत असता त्याला थांबवणारा हा प्रचारक! दीक्षितांची संख्या मोजणाऱ्याला हे जमणार नाही.

तर मग बंधूंनो, या दोन कसोट्या आपण स्वतःला लावू या. २०११ च्या जनगणनेत भारतात ८४ लाख ४२ हजार बौद्ध नोंदले गेले; त्यांपैकी ६५ लाख ३१ हजार एकट्या महाराष्ट्रात. यांतील बहुसंख्य लोक पूर्वाश्रमीच्या एकाच जातीतून आलेले आहेत, हे आपण जाणतो. धम्म सर्वांसाठी आहे असे आपण व्यासपीठावरून सांगतो आणि पुन्हा आपल्याच गल्लीत प्रवचन ठेवतो. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. मातंग समाजात जन्मलेल्या या लेखकाने १९५९ साली आपली "फकिरा" ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्या बाजूचे दार केव्हाच उघडले होते. आपल्यापैकी किती जण त्या दारात गेले?

कोणी म्हणेल, ते लोक येत नाहीत, त्यांचे पुढारी वेगळे, त्यांचा आपल्यावर राग. असेल. त्या अठरा वर्षांच्या परदेशी मुलासाठी तरी कोण दार उघडून बसलेले असते? त्याला समुद्र ओलांडावा लागतो. आपला परदेश ओढ्यापलीकडच्या वस्तीत आहे. तेथली भाषाही शिकावी लागेल. मराठी नव्हे; वाख वळणाऱ्या हातांची, हलगी वाजवून पोट भरणाऱ्याची, ऊसतोडीला गेल्यामुळे शाळा सुटलेल्या पोराची भाषा. तेथे जाऊन पहिल्याच दिवशी "देव फेका" म्हणणे हा उद्धटपणा होईल. आधी त्यांची मुले शिकवावीत, त्यांचे ऐकावे, विचारतील तेवढ्याचे उत्तर द्यावे.

आणि सर्वांत अवघड प्रश्न टाळू नये. त्या वस्तीतील एखाद्या कुटुंबाने उद्या धम्मदीक्षा घेतली, तर त्याच्याशी आपण सोयरीक करू काय? बाप्तिस्मा देऊन मंदिराचे दार बंद ठेवणाऱ्यांना आपण नावे ठेवतो. दीक्षा देऊन सोयरिकीचे दार बंद ठेवले, तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक तो काय राहिला?

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्यास सांगितले. पैशांचा हिशेब आपण कधीमधी करतो. वेळेचा करून पाहा. चोवीस तासांचा विसावा भाग म्हणजे एक तास बारा मिनिटे. घरदार न सोडता, नोकरी सांभाळून तो देता येतो. प्रत्येक गावात दोन शिकलेल्या तरुणांनी दोन वर्षे एवढा वेळ द्यावा. विहार ठरलेल्या वेळी उघडावे आणि गावातील घरे ओळीने घ्यावीत. जवळ एक वही ठेवावी. तिच्यात कितीजणांनी दीक्षा घेतली हा रकाना नसावा. एकच रकाना असावा: आज कोणते दार वगळले, आणि का?