कार्य कारणात आधीच असते काय?
अमेरिकेतील राइस विद्यापीठात २०१४ मध्ये असे दिसून आले की, पॉलिइमाइड या पिवळसर, वीज न वाहणाऱ्या प्लास्टिकवर लेसर फिरवताच तेथे काळे, सच्छिद्र, वीजवाहक ग्राफीन, म्हणजे कार्बन अणूंची षटकोनी जाळी, उमटते. तिळात तेल असते तसे कार्य कारणात अव्यक्त असतेच, हा सांख्य दर्शनाचा सत्कार्यवाद मानल्यास हे ग्राफीन प्लास्टिकात आधीच होते; कार्य नव्याने उत्पन्न होते, या वैशेषिक दर्शनाच्या असत्कार्यवादानुसार नव्हते. घट भाजताना परमाणू सुटे होऊन पुन्हा जुळतात, ही वैशेषिकांची ‘पीलुपाक’ कल्पना येथे जवळची वाटते, कारण उष्णतेने बंध तुटून काही अणू वायुरूपाने निघून जातात आणि उरलेला कार्बन नवी रचना धरतो. या ग्राफीनपासून संवेदक बनवताना उपयोगी पडते ती ही रचनाच; म्हणून द्रव्य जुने, पण कार्य नवे, असे म्हणणेच अधिक सयुक्तिक ठरते.